बिनटाक्याचं ऑपरेशन

लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती आणि त्याचं कारण शोधायला कुणी मोठा शहाणा लागत नव्हता. नवरा मुंबईत छापखान्यात आणि मी रत्नागिरीजवळच्या हातखंब्याहून आत, दोन डोंगरांच्या बेचक्यातल्या वाडीत. ते गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, जमलं तर मे महिन्यात आंबा काढायला चार दिवस. त्यातले दोन दिवस भावकीची जेवणं, एक दिवस पाहुणे आणि उरलेला परतीच्या पिशव्या भरण्यात. मूल व्हायला नवरा घरी असावा लागतो, इतका साधा हिशोब. पण माझी सासू, जिला आम्ही सगळे आये म्हणायचो, तो सोडून बाकी सगळे उपाय करून बसली होती. देवाला कौल लावून झाला, नारळ ठेवून झाला, कुणाकुणाच्या सांगण्यावरून मला कडू काढे पाजून झाले. मी काढे प्यायचे आणि मनात म्हणायचे, हे मुंबईला पाठवा आणि त्या माणसाला रजा मिळेल असं काहीतरी बघा.

नवऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्याकडे बायका घेत नसत आणि या वयात नव्यानं सुरुवात करायची तर लाज वाटते. 'हे' म्हटलं की ते समजावं.

घरात आये, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई आणि त्यांची तीन मुलं. जाऊबाईंना मी वयनी म्हणायचे. वयनी गोरीपान, धांदरट आणि मनानं लोण्यासारखी. तिसऱ्या बाळंतपणात ती फार अशक्त झाली, तेव्हा धाकटा मुलगा रांगायला लागेपर्यंत माझ्याच कुशीत झोपायचा. तो पहिल्यांदा 'आई' म्हणाला तो मला. वयनीनं ते ऐकलं आणि हसून परत भाकरी थापायला लागली. अशी बाई जाऊ म्हणून मिळायला नशीब लागतं.

एकदा एका लग्नात कुणा लांबच्या बाईनं मला विचारलं, मुलं किती. मी म्हटलं, अजून नाही. त्या बाईनं ओटीचं ताट माझ्यासमोरून उचललं आणि पुढच्या बाईकडे गेली. घरी येऊन मी गोठ्यात रडत बसले. आयेनं मला तिथून उठवून आणलं आणि दम दिला.

"तीन प्वॉरं काय तिची एकटीची हायत? घरातली प्वॉरं घराची. उद्यापास्नं कुनी इचारलं तर तीन सांगायची. नाय म्हनायचं नाय."

तेव्हापासून मी तीन सांगायचे. बाजारात, एस.टी.त, देवळात. खोटं बोलतेय असं मला कधी वाटलं नाही, कारण तिघंही माझ्याच अंगाखांद्यावर होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण या 'तीन'मुळे घडलं.

ही गोष्ट आहे ऐंशीच्या दशकातली. तेव्हा दुर्बिणीच्या ऑपरेशनची नवलाई होती. पोट फाडायचं नाही, टाके घालायचे नाहीत, बेंबीजवळ नखाएवढं भोक पाडून आत दुर्बीण घालायची, नळ्यांवर रबराच्या रिंगा बसवायच्या, की मूल होणं बंद. सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी येऊन भात शिजवायचा, असं नर्सबाई सांगायच्या. आमच्या नर्सबाई चांगल्या होत्या. उन्हातान्हात वाडीवाडी फिरायच्या, पोरांना लस टोचायच्या, शिव्या खायच्या. भात झोडून झाल्यावर मोठ्या गावातल्या शाळेत शिबिर भरणार होतं आणि वयनी जायला तयार झाली होती. बोलता बोलता नर्सबाईंनी सांगितलं की मूल होत नाही अशा बाईच्या पोटातसुद्धा दुर्बिणीनं बघता येतं, आत काय बिघाड आहे ते दिसतं. आयेचे कान टवकारले. आमच्या हिचं पण वाईच बघा की, असं ती दोन-तीनदा म्हणाली. नर्सबाई म्हणाल्या, डॉक्टरांच्या कानावर घालते. आयेच्या दृष्टीनं काम झालं आणि माझ्याही.

शिबिराच्या दिवशी मी वयनीची सोबतीण म्हणून गेले. नवी पातळ साडी नेसले, केसांत अबोलीचा गजरा. वयनी म्हणाली, लग्नाला चाललीस काय. मी गजरा नीट केला. डॉक्टर पोटात बघणार तर निदान वरून तरी नीट दिसावं, असं माझ्या डोक्यात होतं.

शाळेच्या व्हरांड्यात बायकाच बायका. शेजारच्या पाच-सहा गावांतून जीप भरभरून आणल्या होत्या. आत एका वर्गात ऑपरेशन आणि दुसऱ्या वर्गात जमिनीवर सतरंज्या टाकून ऑपरेशन झालेल्या बायका ओळीनं निजवलेल्या. सुकायला मासे मांडतात तशा दिसत होत्या, असं वयनी म्हणाली आणि तिचाच चेहरा पडला. तेवढ्यात धाकट्यानं भोकाड पसरलं. आपला कागद माझ्या हातात देऊन ती त्याला पाजायला शाळेच्या मागं चिंचेखाली गेली. भीतीपोटी ती तिथं जरा जास्तच वेळ बसली, हे तिनं नंतर कबूल केलं.

दारावर आमच्या नर्सबाई नव्हत्या. बाहेरगावाहून आणलेली एक अनोळखी नर्स होती, सकाळपासून ओरडून तिचा घसा बसलेला. तिनं आडनाव पुकारलं. आमच्या वाडीत सगळ्यांचं एकच आडनाव, आणि कागद माझ्या हातात. मी उठले. तिनं नवऱ्याचं नाव विचारलं. मी पदर तोंडाला लावला. ती वैतागली, म्हणाली, तुम्ही घेणार नाहीच, आणि कागदावरचं स्वतःच वाचलं. ते थोरल्या दिरांचं नाव होतं. दिरांच्याच घरातली म्हणून मी मान हलवली. मग तिनं विचारलं, मुलं किती.

मी सांगितलं, तीन.

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नर्सबाईंनी डॉक्टरांच्या कानावर घातलेलं दिसतंय, आपल्याला बघायला बोलावलं, या आनंदात मी आत गेले. गुंगीचं इंजेक्शन दिलं. टेबल असं की डोकं खाली आणि पाय वर. पोटात वारा भरला तेव्हा पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं. डॉक्टर तरुण, उंच, घामानं निथळत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पोटाकडे बघितलं, दुर्बिणीत बघितलं, कुणाला तरी पुढची बाई तयार ठेवायला सांगितलं. सकाळपासून किती बायका झाल्या होत्या कोण जाणे. हात यंत्रासारखा चालत होता. मला गुंगीतही राहवलं नाही. मी विचारलं, डॉक्टर, दिसलं का काही? ते म्हणाले, हो, सगळं ठीक आहे.

सगळं ठीक आहे! मला सतरंजीवर आणून निजवलं तेव्हा मी हसत होते. खांदा ठणकत होता, पोट जड झालं होतं, पण माझ्यात काही दोष नाही हे खुद्द डॉक्टरांनी आत बघून सांगितलं होतं. आता आयेला सांगायचं, काढे बंद. शेजारच्या बाईला मी म्हटलंसुद्धा की आता मला मूल होणार. ती बिचारी गुंगीत होती, नाहीतर तिनं मला वेड्यातच काढलं असतं. त्या सतरंजीवरचा तेवढा वेळ मी फार सुखात होते, हे खरं.

मग वयनी आली, कडेवर धाकटा. ती मला सगळीकडे शोधत होती. मला ओळीत निजलेली बघून ती दारातच थबकली.

"अगो, तुला कशाला नेलान आत?"

मी म्हटलं, बघायला. ती माझ्या पोटावरच्या पट्टीकडे बघत राहिली आणि मग मटकन खाली बसली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

पुढची धावपळ मी सांगत बसत नाही. आमच्या नर्सबाई धावत आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. डॉक्टरांना बोलावलं. ते आले, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच, आणि माझ्यावरच उखडले. मग तीन मुलं कशाला सांगितलीस? शिकलेली दिसतेस, अक्कल नाही? नाचता येईना अंगण वाकडं. ज्यानं नीट विचारलं नाही, तपासलं नाही, तोंड बघितलं नाही, तो माणूस मला अक्कल विचारत होता. मला इतका संताप आला की पोट दुखायचं थांबलं. मी म्हटलं, तीनच आहेत, घरी या आणि मोजा. त्यांना काय कळणार त्यातलं. रिंगा काढता येतात, मोठ्या हॉस्पिटलात नळ्या परत मोकळ्या करतात, होतंही मूल, नाहीही होत, असं काहीतरी तुटक बोलून ते पुढच्या बाईकडे गेले. वयनीचं ऑपरेशन त्या दिवशी झालंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. जिला तीन मुलं ती तशीच सुटली आणि जिला एकही नाही तिला कायमची बंद केली.

घरी आल्यावर आये बोलली नाही. ती बोलली नाही हेच भयंकर होतं, कारण ती झोपेतसुद्धा बोलायची. चुलीपुढं बसून राहिली, आणि मग एकदम म्हणाली की हे माझ्याच तोंडानं झालं, तीन सांग असं मीच शिकवलं होतं. मी तिला म्हटलं, आये, तू प्रेमानं शिकवलंस, त्यानं हातानं केलं. पण तिचं समाधान होईना. वयनी तर त्याहून पुढची. तिनं धाकट्याला उचललं, माझ्या मांडीत बसवलं आणि म्हणाली, हा तुझा. मला तिचा राग आला. दान दिल्यासारखं मूल नको होतं मला. आणि धाकटा माझा होताच की, त्याला द्यायचं काय? त्या दिवशी मी सगळ्यांवर रागावले. माझ्या पोटात आता कधी काही रुजणार नाही, हा विचार डोक्यातून जात नव्हता. विहिरीवर जाताना, गुरं सोडताना, कांदा चिरताना तोच.

दिरांनी पत्र टाकलं आणि हे रजा न मागताच घरी आले. पडवीत बसून चहा प्याले. तीन वर्षांत आम्ही कधी फार बोललोच नव्हतो. शेवटी ते म्हणाले, नसलं मूल तर नसलं, तू हाईस ना. मी म्हटलं, मी इथं आणि तुम्ही तिथं, मी असून काय उपयोग? ते उठून गुरांना वैरण घालायला गेले. पण माझं बोलणं त्यांना लागलं असावं. मुंबईत त्यांनी चौकशी केली. नळ्या जोडणारे डॉक्टर आहेत, पण पुढच्या दिवाळीनंतर या, खात्री देत नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी मालकाशी भांडून मोठी रजा काढली आणि मे महिन्यात जे आले ते भातलावणीच्या तोंडापर्यंत राहिले.

आणि आता खरं सांगते. ऑपरेशन होऊन मूल गेलं, पण नवरा मिळाला. लग्न होऊन इतके दिवस झाले तेव्हा कुठं मला कळलं की हा माणूस घोरतो, कुळथाच्या पिठल्यावर जीव टाकतो, आंब्याच्या झाडावर चढताना घाबरतो पण सांगत नाही. मी खाली झोळी घेऊन उभी आणि हे वर फांदीला मिठी मारून. आंबा काढा म्हटलं की म्हणायचे, बघतोय, पिकलाय का ते. एक अख्खी दुपार आम्ही त्या एका झाडावर काढली. वयनी खळ्यातून बघून हसत होती. आम्ही भांडलोही खूप. कशावरून? मिठावरून, पंख्यावरून, त्यांच्या मुंबईच्या मित्रांवरून. भांडायला माणूस समोर असावा लागतो, हे सुख मला ठाऊक नव्हतं. मूल होणार नाही हे ठरूनच गेलेलं, म्हणून कुणी काढा पाजत नव्हतं, कुणी दिवस मोजत नव्हतं, आये दारातून आत बघत नव्हती. आम्ही मोकळे होतो. ते परत गेले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडले. आधी रडायचे ती रिवाज म्हणून.

लावणी सुरू झाली आणि मला बांगड्याचा वास सहन होईना. चिखलात वाकले की डोळ्यांपुढं अंधारी. आये म्हणाली, वात झालाय, ओव्याचं पाणी घे. घेतलं. दुसऱ्या महिन्यातही पाळी आली नाही, तेव्हा मी घाबरले. मनात येत होतं ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती. खोटी आशा फार वाईट. शेवटी वयनीनं माझ्याकडे नीट बघितलं आणि एका बाजूला नेऊन विचारलं. तीन बाळंतपणं झालेल्या बाईपासून काय लपणार? ती नाचायचीच बाकी राहिली. मी तिला म्हटलं, आयेला सांगू नकोस. तिनं तो दिवस कसाबसा काढला.

नर्सबाईंना बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जाणं म्हणजे त्यांच्यावरही ठपका. पण त्यांनी टाळाटाळ केली नाही, आम्हांला घेऊन सरकारी दवाखान्यात त्याच डॉक्टरांकडे गेल्या. आये, मी आणि नर्सबाई. डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही, माझ्या हातून असं होत नाही. मी आजवर कुणाच्या थोबाडावर इतका आत्मविश्वास बघितला नव्हता.

"मंग ह्ये काय हाय?" आये म्हणाली. "परत वारा भरलाव काय पोटात?"

बाहेर बसलेल्या बायका हसल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा आवाज उतरला. दिवस गेलेत, असं ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता नर्सबाईंकडे बघून. आये हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात ते पुढचं बोलले. अशा ऑपरेशननंतर गर्भ पिशवीत न राहता नळीतच अडकलेला असू शकतो. तसं असलं तर नळी फुटेल, मूल तर जाईलच, बाईही जाईल. आजच्या आज रत्नागिरीला दाखवा. आये तशीच हात जोडून राहिली. हात खाली घ्यायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

हातखंब्याच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघत आम्ही तिघी भर पावसात छत्र्या धरून उभ्या. रस्त्यानं ट्रक चिखल उडवत जात होते. माझ्या मनात एकच होतं की पोटात जे आहे ते पिशवीत असू दे. मी मेले तर मेले, असं मात्र मला वाटत नव्हतं. मला जगायचं होतं आणि मूलही हवं होतं, दोन्ही हवं होतं, आणि त्यात मला काही चूक वाटत नव्हती. आये माझा हात घट्ट धरून होती. गाडीत जागा मिळाली तरी तिनं तो सोडला नाही.

रत्नागिरीत एका डॉक्टरीणबाईंचं छोटं प्रसूतिगृह होतं. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, मोठ्या आवाजाच्या. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग बराच वेळ तपासलं. मी छताकडे बघत होते आणि श्वास रोखून धरला होता. त्या म्हणाल्या, श्वास घे, नाहीतर तूच मरशील. मग हात धुतले आणि माझ्या समोर येऊन, माझ्याकडे बघून सांगितलं.

"जिथं असायला हवं तिथंच आहे. पिशवीत आहे. घरी जा आणि पोटभर जेव."

आयेनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. बाईंनी तिला उठवलं आणि ओरडल्या, माझ्या पाया काय पडता, मी काय केलंय? मग त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं. पिशवीच्या दोन्ही अंगांना नळ्या असतात, आणि तिथंच जवळ दोन बंध असतात, दोरीसारखे, पिशवीला धरून ठेवणारे. घाईत, नीट न बघता, एखाद्याच्या हातून नळीऐवजी बंधावर रिंग बसते. नळी राहते मोकळी. तसंच झालं असावं. आयेला हे इतकं आवडलं की तिनं ते दोनदा सांगायला लावलं. परतीच्या एस.टी.त तिनं कंडक्टरपासून सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरानं गाय सोडून खुंटीच बांधून ठेवली. वाडीत पोचेपर्यंत गोष्टीला पाय फुटले होते. देव तारी त्याला कोण मारी, असं जो तो म्हणायला लागला. मला ऑपरेशन चुकून झालं आणि ते ऑपरेशनही चुकलं, या दोन चुकांनी माझं बरोबर झालं, हे सांगून सांगून आयेचा घसा बसला.

पण हसता हसता एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. त्याच शिबिरातली शेजारच्या गावची एक बाई, माझ्याच ओळीत सतरंजीवर होती. तिला दुसऱ्या दिवसापासून ताप आणि पोट फुगलेलं. वारा भरला होता म्हणून दुखतंय, जाईल आपोआप, असं तिला सांगितलं. ती सोसत राहिली. शेवटी रत्नागिरीला आणली तेव्हा कळलं की आतडं टोचलं गेलंय. पोट फाडावं लागलं. बिनटाक्याच्या ऑपरेशनचे तिला छातीपासून ओटीपोटापर्यंत टाके पडले. वाचली, पण महिनोन्महिने तिच्यानं कळशी उचलली नाही. दुसऱ्या एका बाईला माझ्यासारखेच दिवस गेले, पण तिला ते नको होते, घरात आधीच पाच होती. त्यांच्या घरात कुणी देवाला नारळ फोडला नाही. एका दुपारात एका माणसानं इतक्या बायका उरकल्या, त्यातली नशीबवान मी एकटी. वरच्या साहेबांकडे यांनी अर्ज केला होता. उत्तर आलं नाही. डॉक्टरांची बदली झाली, एवढं कानावर आलं. दुर्बीण वाईट नव्हती, हे डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं. वयनीचं ऑपरेशन पुढं त्यांनी तशाच दुर्बिणीनं केलं, तिला तपासून, तिच्याशी बोलून, आणि वयनी खरंच संध्याकाळी घरी येऊन भात शिजवायला बसली.

माझे ते महिने लाडात गेले. आये मला कळशीला हात लावू देईना. हे गणपतीला आले ते शहाळी घेऊन, जणू रत्नागिरीत नारळच नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यात बाईंनी सांगितलं की मूल उलटं आहे, पाय खाली. आयेला पायाळू मूल भाग्याचं वाटत होतं. बाई म्हणाल्या, भाग्याचं असो, पण मी ते वरूनच काढणार. पोट फाडावं लागणार हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मी हसायलाच लागले. एकदा बिनटाक्याचं झालं, आता टाक्यांचंही होऊ दे.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलं. मी जागी होते. छातीवर हिरवा पडदा लावलेला, पलीकडचं काही दिसत नव्हतं. बाई बोलत होत्या, सगळं सांगत होत्या, आता जरा ओढल्यासारखं वाटेल, आता दाब येईल. मग एक रडणं ऐकू आलं, चिडकं आणि मोठं. मुलगी आहे, तुझ्यासारखीच तापट दिसते, असं बाई म्हणाल्या. नर्सनं तिला माझ्या गालाजवळ आणलं. ओली, लाल, डोळे गच्च मिटलेली. मी तिचा वास घेतला. मला वाटलं, आता झालं, आणखी काही नको.

पडद्यापलीकडं बाई अजून कामातच होत्या. मग हसल्या. दोन्ही रिंगा सापडल्या, म्हणाल्या, दोन्ही बंधांवर. नळ्यांना धक्कासुद्धा नाही. मदतीला असलेल्या नर्सनं विचारलं, पोट उघडंच आहे तर आता नळ्या बांधून घ्यायच्या का, बाहेर यजमानांना आणि सासूबाईंना विचारून येऊ का? बाई म्हणाल्या, बाहेर कशाला विचारायचं, ती जागी आहे. आणि पडद्यावरून डोकं काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"रिंगा काढते. नळ्यांचं काय करू? बांधू की मोकळ्या ठेवू? घाई नाही. तू सांगेपर्यंत मी हात लावणार नाही."

माझ्या पोटाचं काय करायचं ते आजवर सगळ्यांनी ठरवलं होतं. देवाच्या कौलानं, आयेच्या काढ्यांनी, शाळेतल्या त्या डॉक्टरानं. प्रेमानं ठरवलं, रागानं ठरवलं, घाईत ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं तर विचारायला हवं हे मलाही ठाऊक नव्हतं. पोट उघडं, हातमोजे रक्तानं माखलेले, आणि ती बाई माझ्या उत्तरासाठी थांबली होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मुलगी झाली तेव्हा नव्हतं आलं. बाईंना वाटलं औषध उतरलं, दुखतंय का म्हणून त्यांनी विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. मुलगी कुणाच्या तरी हातात ओरडत होती, बाहेर आये कुणाला तरी मोठ्यानं काहीतरी सांगत होती. बाई तशाच उभ्या होत्या.

"मोकळ्या राहू द्यात, बाई," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, बरं, आणि शिवायला लागल्या.